शेजारी बसणाऱ्या बाई

बाईंवर अन्याय झाला तो गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी अंदाजानं सांगत नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका तीन मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या खोलीतून, साठी उलटलेल्या एका बाईला सोसायटीच्या आठ माणसांनी बाहेर काढलं. आरोप करणीचा. पुरावा एक पत्रक. ते पत्रक कुणी लिहिलं तेही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मी तुमचं नाव मागणार आहे आणि दुसऱ्याचं मागताना आपलं लपवायचं नसतं. ते मी लिहिलं.

मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करते. आमच्या संघटनेची पत्रकं माझ्या हातची असतात. बुवा, अंगात येणं, उतारे, भानामती, सगळ्यावर लिहिलंय. भूत मी मानत नाही. खाली जे काही लिहिलंय ते वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण काही ठिकाणी तुम्हाला शंका येईल. मलाही आली.

बाई तरुणपणापासून एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होत्या. कर्ण्यावरून गाड्या पुकारणारा आवाज त्यांचा. चेहरा कुणी पाहिलेला नाही, आवाज मात्र आम्हा सगळ्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेला. त्या भाजी घ्यायला गेल्या आणि "अर्धा किलो द्या" म्हणाल्या, की शेजारची म्हातारी माणसं नकळत पिशवी उचलून उभी राहायची. मी स्वतः पाहिलंय. एका आजोबांनी तर इकडंतिकडं बघून विचारलं, "लागली का गाडी?" बाई हसल्या नाहीत. त्या फारशा हसत नसत.

नोकरी सोडल्यावर त्यांनी घरबसल्या एक शिक्षण घेतलं आणि दारावर पाटी लावली: 'एडीएचडी कोचिंग'. पहिल्या महिन्यात तीन आयांनी येऊन विचारलं, दहावीचं आहे का बारावीचं. बाई म्हणायच्या, "आयुष्याचं हाय. सगळ्या इयत्ता चालतात." एडीएचडी म्हणजे काय, तर लक्ष नसणं नव्हे. लक्ष असतं, भरपूर असतं, फक्त हवं तिथं लागत नाही, हवं तेव्हा सुटत नाही, आणि वेळ नावाची गोष्ट हातातून वाळूसारखी जाते. शाळेत अशा पोरांना कोंबडा करतात. पोरी असतील तर त्यांना कोंबडाही करत नाहीत, नुसतं 'वेंधळी' म्हणून सोडून देतात. मी सव्वीस वर्षं वेंधळी होते.

श्रावणात सोसायटीचे चेअरमन आमच्या कार्यालयात आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बसायच्या आधीच सुरू झाले.

"ताई, तुम्ही लोक गावोगाव भाषणं करताय. हितं आमच्या डोक्यावर काय बसलंय ते बघा की!"

तक्रार अशी होती: वरच्या मजल्यावर रोज नवीन माणसं येतात. दार लागतं. दाराबाहेर लिंबू ठेवलेलं असतं, आणि ते लिंबू वाजतं.

"वाजतं म्हणजे?"

"टिक टिक टिक. जवळ जायचं धाडस कुणाचं न्हाई. आणि आत माणसं रिकाम्या खुर्चीसंगट बोलत्यात. आमच्या मिसेसनी दार अर्धवट उघडं ऱ्हायलं तवा बघितलंय."

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. एका बैठकीत. आयुष्यात एका बैठकीत पुऱ्या केलेल्या मोजक्या कामांपैकी ते एक. 'लिंबाचा धाक, खुर्चीतलं भूत, आणि गप्प बसलेले आपण!' असा मथळा. संध्याकाळी ते प्रेसमध्ये देऊन आले. प्रेसवाले काका म्हणाले, "तुमची मोहीम मार्गशीर्षात. तेव्हा सगळी पत्रकं एकदम छापतो. काय बदल असला तर एक फोन टाक." त्यानंतर मी चौकशीला गेले. आधी पत्रक, मग चौकशी. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

लिंबू खरंच वाजत होतं. मी वाकून उचललं. प्लास्टिकचं. भांड्यांच्या दुकानात मिळतं ते स्वयंपाकघरातलं टायमर, लिंबाच्या आकाराचं, वरचा अर्धा भाग फिरवला की तेवढी मिनिटं मोजणारं. आत कुणी कामाला बसलंय, बेल वाजवू नका, एवढाच त्याचा अर्थ. हातात धरल्यावर त्याची टिकटिक मनगटापर्यंत आली. ते खाली ठेवणार तोच आतून आवाज आला, कर्ण्यावरचा, सपाट:

"बाहेर उभ्या असलेल्या पावण्यांनी लिंबू जागेवर ठेवावं. सहा मिनिटं बाकी आहेत."

दार बंद होतं. फट नव्हती. मी नंतर तपासलं. बाईंना पावलं ऐकू येत, जिन्याच्या कितव्या पायरीला कोण आहे ते कळत असे; एवढं आयुष्य खिडकीत बसून गर्दी ऐकली की येत असेल तसं. पण त्या दिवशी माझ्या मानेवर काटा आला होता हे खरं.

खोलीत सामान असं नव्हतंच. एक टेबल, भिंतीकडं तोंड केलेलं. बाईंचं स्टीलचं स्टूल. दाराशी तिवईवर एक ताट, आल्याबरोबर मोबाईल त्यात ठेवायचा. आणि खिडकीपाशी एक खुर्ची, हिरव्या प्लास्टिकची, जिच्यावर कुणी बसायचं नाही.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"उद्याची."

"म्हणजे?"

"तुम्हा लोकांना दोनच वेळा कळतात, पावणं. आत्ता, आणि मग कधीतरी. उद्या दिसतच न्हाई. म्हणून त्याला खुर्ची दिली. उद्याची तू तिथं बसलीया असं समज आणि तिच्यासाठी आज काय करून ठेवणार ते तिला सांग. तोंडानं सांग. मनातल्या मनात सांगितलेलं उडून जातं."

मी आले होते खोटं कारण घेऊन. 'माझी कामं अर्धवट राहतात' असं सांगायचं ठरवलं होतं. सांगायला लागले आणि थांबताच येईना. भरलेला पण न दिलेला परीक्षेचा फॉर्म, अर्धी वाचलेली चाळीस पुस्तकं, गॅसवर जळालेली भांडी, आईला केलेली वचनं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं सांगायला आलीस आणि खरं सांगून बसलीस. ऱ्हाऊ दे. आधी डॉक्टरला दाखवून ये. नाव ठेवायचं काम त्यांचं, गोळी द्यायची का न्हाई तेही त्यांचं. मी डॉक्टर न्हवं. मी शेजारी बसते."

डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. परत आले.

शेजारी बसणं हेच त्यांचं निम्मं काम. तुम्ही तुमचं अडलेलं काम आणायचं, भिंतीकडं तोंड करून टेबलाशी बसायचं, आणि बाई तुमच्या डाव्या हाताला, थोड्या मागं, स्टुलावर बसायच्या. बोलायचं नाही. त्या तुमच्याकडं बघायच्याही नाहीत. मांडीवर वही घेऊन स्वतःचं काहीतरी लिहायच्या. पण पंचवीस मिनिटं त्या ज्या बसायच्या, तसं जिवंत माणूस बसत नाही. पाठ टेकायची नाही, पाय हलायचा नाही, श्वास ऐकू यायचा नाही. कधी वाटायचं मागं कुणीच नाही. पाहावं म्हणून मान वळवायला जावं, तर मान वळायच्या आधीच आवाज:

"टेबलाशी बसलेल्या पावण्यांनी समोर बघावं."

आणि काम व्हायचं. हे मला सांगायलाच हवं. सहा महिने न झालेलं काम पंचवीस मिनिटांत व्हायचं. मी त्याची कारणं वाचलीयत, शेजारी कुणी असलं की भटकणाऱ्या मनाला खुंटी मिळते वगैरे. कारणं बरोबर आहेत. तरी त्या खोलीत बसल्यावर ती पुरेशी वाटायची नाहीत.

त्या वहीत काय लिहितात ते मी एकदा चोरून पाहिलं. वेळापत्रक होतं. कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाड्या, फलाट, वेळा, मार्ग, बारीक सुरेख अक्षरात. मी त्यातली आजऱ्याची एक गाडी ओळखीच्या कंडक्टरला विचारली. तो म्हणाला, "ती बंद पडून वर्षं झाली की. तुला कुणी सांगितली?" दुसरी विचारली. तीही बंद. बाई रोज, न चुकता, न धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लिहीत होत्या.

विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं, तेही काम चालू असताना, भिंतीकडं बघत. त्यांना धाकटा भाऊ होता. तुमच्यासारखाच, म्हणाल्या. त्याला बेळगावला भरतीसाठी जायचं होतं. बाई खिडकीत होत्या. तो बरोबर कर्ण्याखाली उभा होता, रसवंतीचं चाक फिरतंय ते बघत.

"मी गाडी तीनदा पुकारली. तिसऱ्यांदा तर त्याचं नाव घेऊन पुकारली, नोकरीचा नियम मोडून. सगळा स्टँड माझ्याकडं बघायला लागला. तो चाक बघत होता. गाडी गेली. वडलांनी त्याला घरात घेतला न्हाई. तवापासनं तो कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई." मग वहीत एका गाडीची वेळ लिहिली. "आवाज देऊन काय होत न्हाई, पावणं. शेजारी जाऊन बसावं लागतं. ते मला लई उशिरा कळलं."

दोन दोन वर्षं येणाऱ्या माणसालाही त्या 'पावणं'च म्हणत. मी एकदा वैतागून म्हटलं, माझं नाव आहे की. तर म्हणाल्या, "काल जी आली होती ती तू न्हवंस. तिनं काय ठरवलं होतं ते तुला आठवत न्हाई. मग तू नवीनच की." यात टोमणा नव्हता. त्यांच्याकडं टोमणा नव्हताच. उशिरा आलं की पाठ न वळवता पुकारायच्या, "गाडी सतरा मिनिटं उशिरा धावत आहे." बस. मी म्हटलं, पुढं ते 'गैरसोयीबद्दल खेद' म्हणायचं असतं ना? "खेद न्हाई म्हणायचा. खेद आला की माणूस लाजतो, लाजला की परत येत न्हाई. नुसता उशीर सांगायचा." आमच्या संघटनेतल्या एकानंही मला इतकी उपयोगी गोष्ट शिकवलेली नाही.

माझ्यानंतरची वेळ हुपरीच्या एका वहिनींची असे. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, त्यांच्याकडं घुंगरू जोडायचं. एक जोड धरायचा, दुसरा दिसला की पहिला सोडायचा. असे चौदा डबे अर्धवट. सासू म्हणायची, हिला हात हाईत, डोस्कं न्हाई. बाईंनी तेरा डबे पडद्याआड टाकायला लावले. समोर एकच डबा, एकच जोड. एवढंच. वहिनी घरी सांगून यायच्या की पाठीच्या डॉक्टरकडं जातो. एकदा मी जिन्यावर थांबले होते, दार अर्धवट उघडं राहिलेलं. वहिनी हिरव्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि हळू आवाजात, लेकराला समजावतात तसं म्हणत होत्या:

"हे बघ बाई, तुझ्यासाठी मी सहा जोड करून ठेवल्यात. डबा पण धुऊन ठेवला. उद्या सकाळी तू दमशील, रडशील. मला म्हाईत हाय. पण मी तुला मोकळ्या हाती सोडलेलं न्हाई."

त्याच वेळी खुर्ची करकरली. कुणी वजन टाकावं तशी. मी नंतर आत जाऊन पाहिलं: खिडकीतून ऊन सरकलं होतं, तापलेलं प्लास्टिक गार होताना आवाज करतं. हे कारण आहे आणि ते खरं आहे. वहिनी मात्र खुर्चीला म्हणाल्या, "बरं, येतो मग," आणि उठल्या.

आता माझं काम. मार्गशीर्षाच्या आत प्रेसला एक फोन करायचा होता. एका मिनिटाचा. 'काका, ते लिंबाचं पत्रक रद्द करा.' भाद्रपदापासून मी तो उद्यावर ढकलत होते. ज्यांना हा त्रास नाही त्यांना हे कळणार नाही आणि मी समजावण्यात वेळ घालवणार नाही: काम जितकं लहान आणि जितकं लाजिरवाणं, तितकं ते उचलत नाही. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी समोर बसवून तिथल्या तिथं फोन करायला लावला असता. पण मग सांगावं लागलं असतं की मी तुमच्यावर काय लिहून आलेय. म्हणून मी दर मंगळवारी दुसरं काम न्यायची.

बाईंना वास लागला होता. आश्विनात एकदा, पंचवीस मिनिटं संपल्यावर, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अजून एक काम हाय. ते तू जिन्यावर ठेवून वर येतीस."

मी म्हटलं, "नाही हो."

"मला त्याची पावलं ऐकू येत्यात," त्या म्हणाल्या.

त्यांची एक पद्धत होती: स्वतःच्या आवाजात हुकूम रेकॉर्ड करायचा आणि मोबाईलचा गजर म्हणून लावायचा. "आयचं ऐकून दमला, सासूचं ऐकून दमला, साहेबाचं ऐकून दमला. आता स्वतःचं ऐका." मी घरी जाऊन गुपचूप रेकॉर्ड केला. प्रेस अकराला उघडतं म्हणून गजर अकरा दहाचा, रोजचा. 'प्रेसला फोन कर.' पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून दचकले. म्हटलं, हो करते. आणि बंद केला. दुसऱ्या दिवशीही हो करते. आठव्या-दहाव्या दिवसापासून तो मला ऐकूच येईना. अंगठा आपोआप जायचा.

मोहीम सुरू झाली त्या मंगळवारी आमची पोरं सकाळी आठपासून शाहूपुरीत पत्रकं वाटत होती. सहा प्रकारची पत्रकं. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. माझी वेळ एरवी दुपारची, त्या दिवशी मोहिमेमुळं सकाळची मागून घेतलेली. मी बाईंच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून, आमच्याच मोहिमेच्या हिशोबाचा तक्ता भरत बसले होते. जिन्यावर बरीच पावलं एकदम. बाई म्हणाल्या, "आठजण. घाईत हाईत." आणि दार ढकललं गेलं.

चेअरमन पुढं. हातात गुलाबी कागद. "हे बघा! आता छापून आलंय! आम्ही बोलत होतो तर वेडे ठरत होतो. संघटनेनं छापलंय, शिकलेल्या लोकांनी!"

बाईंनी हात पुढं केला. कागद घेतला. चष्मा लावला. आणि वाचला. मोठ्यानं, त्या आवाजात, एकाही शब्दावर जोर न देता, माझी सगळी वाक्यं: भोळ्या माणसांना जाळ्यात ओढणारी बाई. रिकाम्या खुर्चीतलं भूत. अशांना घराबाहेर काढण्याची हिंमत आपण कधी दाखवणार? खालच्या मजल्यांवरची माणसं दारात येऊन उभी राहिली. सगळे फलाटावर उभं राहून ऐकावं तसे ऐकत होते. माझी ताठ, फुगलेली वाक्यं त्या आवाजात इतकी खरी वाटत होती की क्षणभर मलाही त्या बाईची भीती वाटली.

आणि तेव्हाच दाराजवळच्या ताटातून, आठ माणसांच्या पायांपाशी, माझा आवाज आला.

"प्रेसला फोन कर. अजून वेळ आहे."

एक बाई किंचाळली. माणसं मागं सरली, एकजण पायरी चुकून बसला. चेअरमन ओरडले, "बघा! आवाज काढला! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा हिला!" मी ताटाकडं झेपावले, मोबाईल हातात धरून सांगायला लागले की हा गजर आहे, हा माझाच आवाज आहे. कोण ऐकतंय. माझा आवाज माझ्या तोंडातून आणि हातातूनही येत होता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा, सरळ. रागानं नाही. एखादं हरवलेलं सामान शेवटी मिळावं तसं.

"हे ते काम व्हय?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. तोंड उघडून 'हे मी लिहिलंय, हे खोटं आहे' असं त्या आठजणांना म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. बाईंनी वही उचलली, चप्पल घातली आणि खाली उतरल्या. कुणी त्यांना हात लावला नाही. लावायची हिंमत नव्हती.

'अजून वेळ आहे' हे मी रेकॉर्ड केलेलं मला आठवत नाही. मोबाईलमध्ये ते आहे, माझ्याच आवाजात आहे, तेव्हा मी केलेलं असणार. माझ्या डोक्याचा भरवसा मला नाही, म्हणून मी एवढंच म्हणेन. त्यापलीकडं मी काही म्हणणार नाही.

सोसायटीनं बाईंना काढल्याचं पत्र खोलीच्या मालकांना दिलं आणि सामान नंतर टेम्पोत घालून पाठवलं. खुर्ची मात्र जिन्यावरच राहिली. ती उचलायला कुणी तयार नाही. झाडूवाली मावशी तिच्याभोवतीनं झाडते. करणी मानणारे घाबरतात हे समजतं. पण आमच्या संघटनेचे दोघे माझ्याबरोबर आले होते, तेही तिला वळसा घालूनच उतरले. मी बघितलं. मीही तेच केलं होतं.

मी संघटनेत सगळं सांगितलं. मोहीम संपेपर्यंत थांबू, असं तिथले लोक म्हणाले. चेअरमनना लेखी दिलं की पत्रक खोटं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच छापायचं, तुम्हीच खोटं म्हणायचं. बाईंनी तुमच्यावर पण केलंय काय?" मग मी आजऱ्याला गेले, बाई बहिणीकडं राहतात तिथं. अंगणात काजू वाळत होते. बाई पडवीत बसल्या होत्या, वहीवर वाकून. मी माफी मागायला लागले.

"खेद नको," त्या म्हणाल्या. "गाडी उशिरा धावतीया, एवढंच."

"तुम्ही परत या. मी सोसायटीशी भांडते."

"तू एकटी भांडून काय हुतंय? खोलीचा मालक द्यायला तयार हाय, सोसायटीनं पत्र मागं घेतलं पाहिजे. आणि ते घेतील कशाला? तिथं येणाऱ्या एकानं तरी तोंड उघडलं का?" मग त्या पहिल्यांदा थोड्या थकल्यासारख्या वाटल्या. "पावण्यांनी बोलवलं तर येईन. लाजत असतील तर न्हाई येणार."

मी हुपरीला गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, "ताई, माझं नाव घालू नका. घरात काय सांगू मी? डोस्क्याच्या बाईकडं जात होतो म्हणून?" आत त्यांच्या मागं चौदाही डबे उघडे पडले होते. मी परत फिरले. मला राग आला. वहिनींचा नाही. त्यांना लाजायला शिकवलं त्या सगळ्यांचा, आणि त्यात शाळा आली, सासर आलं, कार्यालयं आली, माझं पत्रक आलं.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. त्या ताटात मी दर मंगळवारी दुसऱ्यांचे मोबाईल पाहिलेत. जिन्यावर तुम्हाला पाहिलंय. तुमच्यात वकील होते, दोन शिक्षक होते, कागलच्या दूध संकलनातला एकजण होता, एक नुकतं लग्न झालेली मुलगी होती जी नवऱ्याला सांगून येत नसे. त्या सकाळनंतर तुमच्यातल्या कुणी बाईंसाठी भांडायची गरज नव्हती. फक्त 'मी इथं येतो, मला बरं वाटतं' एवढं म्हणायचं होतं. तुम्ही गप्प राहिलात. मी तर खोलीत असून गप्प राहिले.

सोसायटीची वार्षिक सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला आहे. बाईंना काढल्याचं पत्र कायम ठेवायचं की मागं घ्यायचं हा विषय मी मालकांकरवी घालून घेतलाय. माझ्या हातात या घडीला एकच सही आहे, माझी. तुम्ही कागद घ्या आणि दोन ओळी लिहा: मी या बाईंकडे जात होतो. त्या करणी करत नव्हत्या, माझं काम करून घेत होत्या. खाली पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, सही करा. टोपणनाव नको, आद्याक्षरं नकोत. कागद रविवारच्या आत आमच्या कार्यालयात आणून द्या, किंवा सरळ सभेला या आणि उभं राहून वाचा. नंतर लिहितो म्हणाल तर तुम्ही लिहिणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. हे पान हातातून खाली ठेवायच्या आधी लिहा.